मी, माझा धर्म आणि माझी हकालपट्टी

माणसाला धर्म कशासाठी लागतो, हा प्रश्न मोठमोठ्या लोकांना डोंगरावर, जंगलात, निदान नदीकाठी तरी पडतो. मला तो हॉस्पिटलच्या खिडकीपाशी पडला, तोही हातात लघवीच्या नमुन्याची बाटली असताना.

हर्नियाचं ऑपरेशन होतं. खिडकीतल्या बाईंनी नाव, वय, उंची विचारली. इथपर्यंत माझी गाडी रुळावर होती. मग त्या मान वर न करता म्हणाल्या, "धर्म?"

आता जन्मानं मलाही एक धर्म मिळाला होता, नाही असं नाही. पण नाक जसं मिळतं तसा. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं आणि गेल्या पंचवीस वर्षांत आमची गाठभेटही नव्हती. शिवाय मी वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा. जे स्वतः तपासलं नाही त्यावर शिक्का मारायचा नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. तेव्हा मी बाणेदारपणे म्हणालो, "तिथं काही लिहू नका."

"रिकामं ठेवता येत नाही हो. काही बरंवाईट झालं तर कुणाला बोलवायचं ते कळायला नको?"

"माझ्या बायकोला बोलवा."

"त्या बरंवाईट होईपर्यंतचं बघतील. नंतरचं कोण बघणार?"

मागे रांग वाढली होती. एकजण खोकला, तोही मुद्दाम. मी म्हणालो, "मग लिहा, स्वतःचा."

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये 'स्वतःचा' नव्हता, 'इतर' होता. त्यामुळे माझ्या मनगटावर जी पट्टी बांधली तिच्यावर ठळक अक्षरांत 'इतर' आलं आणि पुढचे चार दिवस मी 'इतर' या नावानं जगलो. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सनं जेवणाच्या कागदावर 'इतर, फक्त सूप' असं लिहिलं. जेवण वाटणाऱ्या बाईंनी त्याचा सरळ अर्थ घेतला आणि वॉर्डातल्या इतर पाचही जणांना फक्त सूप देऊन मला भाजलेली कोंबडी दिली. त्या पाचांत पाय मोडलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी अजून विसरलेलो नाही. कोंबडी अर्थातच नर्सनं परत नेली, पण बदनामी मागे राहिली.

शनिवारी वॉर्डात धीर द्यायला माणसं आली. ज्याच्या त्याच्या धर्माचं एकेक. ती खाटेपाशी बसून हळू आवाजात बोलायची, हात हातात घ्यायची. माझ्या खाटेपाशी कुणी आलं नाही. शेवटी ड्रायव्हरलाच माझी दया आली. "माझं झालं," तो आपल्या माणसाला म्हणाला, "आता यांना द्या पाच मिनिटं." ते गृहस्थ आले, पट्टी वाचली आणि त्यांनी आस्थेनं विचारलं, "इतर म्हणजे काय?"

"स्वतःचा," मी म्हणालो.

"अरे वा. काय काय आहे त्यात?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्यात काहीच नव्हतं. रिकामी पेटी आणि वर माझ्या नावाचं कुलूप! ते गृहस्थ उठता उठता म्हणाले, "सावकाश आठवा. टाके निघेपर्यंत वेळ आहे."

हे मला लागलं. तेव्हा तीन आठवड्यांच्या रजेवर घरी आलो तो एक निश्चय करूनच. आपल्याला नेमकं काय पटतं ते कागदावर उतरवायचं.

माझी बायको शाळेत भूगोल शिकवते. तिनं मला एक उरलेली वही दिली. मी पहिल्या पानावर लिहिलं, 'नेहमी खरं बोलावं.' तिनं चहाचा कप ठेवता ठेवता वाचलं. "काल डॉक्टरांना सांगितलंत, रोज पाच किलोमीटर चालतो म्हणून."

मी ते खोडलं. 'मनात कुणाचाही राग धरू नये.'

"माझ्या भावाशी बोलायला लागलात की काय?"

तेही खोडलं. 'साधं राहावं.' यावर ती नुसती माझ्या बुटांच्या कपाटाकडे बघत राहिली. तेही गेलं. धर्मसंस्थापकांपैकी कुणाची बायको भूगोलाची शिक्षिका होती का, हे तपासायला हवं. असती तर जगातले निम्मे ग्रंथ पहिल्या पानावरच संपले असते.

आठ दिवसांत सबंध वही खोडाखोडीनं भरली आणि शेवटी चार कलमं उरली. एक: जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं. दोन: कुणाचं वजन करायचं तर त्याच्यादेखत करावं, पाठीमागे करू नये. तीन: काटा चुकला तर काटा सरळ करावा, गिऱ्हाइकावर ओरडू नये. चार: दिवसातून दहा मिनिटं काही न करता, काही न बोलता बसावं. यातलं चौथं कलम खरं म्हणजे डॉक्टरांचं, टाके ओले होते म्हणून. पण मला ते पटलं होतं.

या धर्माची लोकसंख्या एक होती आणि तिथंच ती राहिली असती तर मी सुखात असतो. पण आजारी माणसाच्या घराला दार नसतं.

सगळ्यात आधी समोरच्या मावशी आल्या. वय चौऱ्याहत्तर, यजमान गेल्या वर्षी गेलेले. त्या माझी चौकशी करायला आल्या तेव्हा मी चौथं कलम पाळत बसलो होतो. बायकोनं तोंडावर बोट ठेवलं, तशा त्या समोरच्या खुर्चीवर टेकल्या. दहा मिनिटं झाल्यावर मला म्हणाल्या, "उद्या किती वाजता?"

"मावशी, हे घरी एकट्यानंही करता येतं."

"अरे, घरी मी दिवसभर तेच करते. एकटीनं गप्प बसलं की अंगावर येतं. दोघांत गप्प बसलं की बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचा शिंपी माझी पँट सैल करायची म्हणून माप घ्यायला आला तो गळ्यात टेप तसाच ठेवून बसला. "दिवसभर कानांत मशिनची खडखड असते," तो म्हणाला, "आज कान धुऊन काढल्यासारखे वाटले." शिंप्याकडे सगळ्या इमारतीचे कपडे जातात आणि कपड्यांबरोबर बातम्या. आठवड्याभरात आमच्या बैठकीच्या खोलीत चौदा माणसं बसू लागली. गप्प बसायचं म्हणून येत, आणि दहा मिनिटांच्या आधी अर्धा तास आणि नंतर एक तास बोलत. चहा अर्थात आमचा.

आणि मग वरच्या मजल्यावरचे रजिस्ट्रारसाहेब आले. विद्यापीठातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण ती निवृत्ती त्यांनी स्वतः अजून मंजूर केलेली नव्हती. त्यांनी माझी प्रकृती विचारली, उत्तराची वाट न बघता वही उचलली आणि खिशातलं लाल पेन काढलं.

"कल्पना चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "पण रीतसर नाही."

"साहेब, ही माझी खाजगी वही आहे."

"चौदा माणसं बसतात तिथं खाजगी काय असतं? उद्या यातला एखादा पडला, झडला, तर जबाबदार कोण? घटना हवी. नोंदणी हवी. अध्यक्ष हवा."

मी हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात इमारतीच्या समितीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'आपल्या घरात बरीच माणसं जमत असून अकरा ते अकरा दहा या वेळात आतून कसलाही आवाज येत नाही. ही बाब रहिवाशांना संशयास्पद वाटते. तरी खुलासा करावा.' गेली दहा वर्षं शेजारच्या घरातला ड्रम ऐकून याच समितीनं कुणाला चकार शब्द विचारला नव्हता!

"बघा," रजिस्ट्रारसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आठ वर्षांत पहिल्यांदा रंग आला होता. "मी सांगत नव्हतो?"

दुसऱ्या दिवशी ते मला नोंदणी कार्यालयात घेऊन गेले. पोटाला हात लावून मी तीन जिने चढलो. पहिल्या टेबलावरच्या माणसानं दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्यानं जेवायची सुट्टी संपल्यावर तिसऱ्याकडे. तिसऱ्यानं फॉर्म पुढे ओढला.

"देवाचं नाव?"

"नाही."

"नाव नाही की देव नाही?"

"माहीत नाही," मी पहिल्या कलमाला जागून म्हणालो.

"म्हणजे आहे, पण आता आठवत नाही, असं लिहू का?"

"लिहू नका."

"बरं. मेल्यावर काय सोय आहे?"

"अजून ठरलं नाही."

"मग लोक येतात कशाला?"

"गप्प बसायला."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे खऱ्या काळजीनं बघितलं. "साहेब, गप्पच बसायचं तर त्यासाठी नोंदणी कशाला? आमच्या रेकॉर्ड विभागात या. तिथं बावीस वर्षं कुणी काही बोललेलं नाही."

धर्मात आम्ही बसत नव्हतो, शिक्षणात बसत नव्हतो, खेळात बसलो असतो पण हालचाल नव्हती. अखेर रजिस्ट्रारसाहेबांनी आपला जुना हुद्दा काढला, तिसऱ्या टेबलाच्या साहेबांना विद्यापीठातली कुठलीशी ओळख आठवली आणि आमची नोंद 'छंद मंडळे' या वर्गात झाली. आमच्या आधीचा क्रमांक शोभेचे मासे पाळणाऱ्यांचा होता. प्रमाणपत्रावर छंद या शब्दापुढे 'बसणे' असं लिहिलं होतं. अध्यक्ष म्हणून रजिस्ट्रारसाहेबांची सही आणि संस्थापक म्हणून माझी. सभेचं ठिकाण, आमची बैठकीची खोली.

ते प्रमाणपत्र बायकोनं दोनदा वाचलं. "तुम्हाला बसण्याचं प्रमाणपत्र लागेल असं मला लग्नात वाटलं नव्हतं," ती म्हणाली.

आता आयत्या बिळात नागोबा शिरल्यावर पुढं काय होतं ते सांगायला नको, पण माझ्या बाबतीत झालं म्हणून सांगतो. सभा रोजच्याऐवजी दर रविवारी अकरा वाजता भरू लागली. रजिस्ट्रारसाहेबांनी एक घंटी आणली. मग हजेरीपट आला. मग डोळ्यांचा प्रश्न निघाला. गप्प बसताना डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे? माझ्या वहीत याबद्दल अवाक्षर नव्हतं, कारण एकटा होतो तेव्हा माझे डोळे माझ्या मर्जीनं वागत. पण आता दोन पक्ष पडले. शिंपी उघड्यांच्या बाजूचा, कारण मिटले की तो घोरायचा. दोन रविवार यावर इतकी वादावादी झाली की गप्प बसायला वेळच उरला नाही. शेवटी अध्यक्षांनी निर्णय दिला. डोळे मिटायचे. पण मिटलेले डोळे तपासायचे तर कुणाचे तरी उघडे हवेत. तेव्हा एका पोटकलमानं त्यांनी स्वतःला सूट दिली.

हेही मी गिळलं. पण तिसऱ्या रविवारी त्यांनी पहिल्या कलमाला दुरुस्ती मांडली. 'जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं' याऐवजी 'जे माहीत नाही ते अध्यक्षांना विचारावं.'

मी उभा राहिलो. टाक्यांच्या जागी कळ आली, तरी उभा राहिलो. "साहेब, बाकी काय वाटेल ते बदला. हे बदलू नका. हे एकच खरं माझं आहे."

"ते संस्थेचं आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि तुम्ही हे कुठल्या अधिकारात बोलता? तुम्ही संस्थेचे सभासद आहात का?"

"मी संस्थापक आहे!"

त्यांनी फाइल उलटली. "संस्थापक आहात. सभासद नाही. तुमचा अर्ज आलेला नाही."

खोलीत शांतता पसरली, अगदी चौथ्या कलमाला शोभेल अशी. साहेबांना मला शिस्तभंगाबद्दल काढून टाकायचं तर होतं, पण जो सभासदच नाही त्याला काढणार कसं? इथं घोडं पेंड खाऊ लागलं. मात्र साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी आधी मला सभासद करून घेण्याचा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला. आपल्यावर लोकांचा केवढा जीव आहे म्हणून मला गहिवरून आलं आणि मीही हात वर केला. लगेच दुसरा ठराव आला, मला काढून टाकण्याचा. तो नऊ विरुद्ध तीन मतांनी मंजूर झाला. शिंप्याचा हातही वर दिसला. नंतर तो शपथेवर सांगत होता की चहा कुणाकुणाला हवाय असं विचारतायत असं त्याला वाटलं. बायको तटस्थ राहिली. भूगोल शिकवणाऱ्यानं सीमावादात पडू नये, हे तिचं म्हणणं.

मी म्हणालो, "ठीक आहे. आता माझ्या घरातून निघा."

त्यालाही हरकत निघाली. सभेचं नोंदलेलं ठिकाण आमची खोली. ते बदलायला संस्थापकाची सही लागते, आणि काढून टाकलेल्या संस्थापकाची सही चालत नाही. तोवर सभा इथंच भरणार. तुम्ही म्हणाल, सरळ दार का लावून घेतलं नाही? अहो, समोरच्या मावशी रविवारी साडेदहापासून साडी बदलून दाराशी उभ्या असायच्या. त्यांच्या तोंडावर दार कोण लावणार?

तेव्हा पुढच्या रविवारी अकरा वाजता बाहेर माझा धर्म आपल्या खोलीत डोळे मिटून बसला आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. बायको वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिनं अर्ध्या माझ्यापुढे ढकलल्या. माणसाचा इतका अपमान व्हावा आणि त्याच वेळी त्याला वाटाणेही सोलावे लागावेत, हे मला जरा जास्त वाटलं. पण मी सोलू लागलो.

पाचेक मिनिटांनी स्वयंपाकघराचं दार हळूच ढकलून मावशी आत आल्या.

"काय झालं, मावशी?"

"मला नाही जमत ते डोळे मिटून." त्या खुर्चीवर बसल्या. "मिटले की हे जिन्यात पडले तोच दिवस दिसतो. मी येत होते ते माणसांची तोंडं बघायला." त्यांनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "एक विचारू? तुझ्या त्या वहीत गेलेल्या माणसाबद्दल काय लिहिलंयस? हे आता कुठं असतील?"

बायकोचे हात थांबले. मी मावशींकडे बघितलं आणि मला काहीतरी छान सांगावंसं फार वाटलं. ते बरे आहेत. तुमची वाट बघतायत. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? सहा शब्द, आणि समोरच्या बाईला रात्रीची झोप. ज्या कलमासाठी मी सगळ्यांदेखत हाकलला गेलो, ते कलम त्या क्षणी मला तळहातावरच्या निखाऱ्यासारखं वाटत होतं.

"मला माहीत नाही, मावशी," मी म्हणालो.

मला वाटलं, आता रडतात. पण त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बाबा. वर्षभर जो तो सांगतोय, ते वर आहेत, सगळं बघतायत म्हणून. अरे, सगळं बघत असतील तर अंघोळ कशी करायची माणसानं?"

बायको फसकन हसली. मावशीही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजला होते," त्या म्हणाल्या. "नंबर लागला नाही की आम्ही सांगायचो, लाइन मिळत नाही. पलीकडे कुणी नाही असं कधी सांगितलं नाही. ते आम्हाला कुठून कळणार? तेवढंच खरं. लाइन मिळत नाही." मग त्यांनी ती शेंग सोलली. "अंघोळीचं मात्र मी त्यांच्या फोटोलाच सांगून टाकलंय, तेवढा वेळ तिकडे तोंड करा म्हणून."

आता मला हसू आवरेना. हसलं की टाक्यांची जागा ओढायची, म्हणून मी पोट धरून 'आई गं, आई गं' करत हसत होतो आणि ते ऐकून त्या दोघींना आणखी हसू येत होतं. बाहेरून घंटी वाजली. "शांतता राखा!" आम्ही तोंडावर हात ठेवले. त्यानं हसू काय थांबतंय!

थोड्या वेळानं शिंपी पाणी प्यायला आला. शेंगा दिसल्यावर बसला. त्याच्यामागून त्याला शोधायला एकजण आला. मग तिघं. मग उरलेले. स्वयंपाकघर आमचं ते केवढं, पण माणसं ओट्याला टेकून, उंबऱ्यावर, उलट्या बादलीवर बसली, आणि मावशी त्यांना एक्स्चेंजमधले किस्से सांगू लागल्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली. मग पुन्हा एकदा वाजली. मग दारात रजिस्ट्रारसाहेब दिसले, हातात हजेरीपट. उघड्या डोळ्यांची सूट फक्त त्यांनाच होती, तेव्हा एकेक माणूस उठून जाताना त्यांनी बघितलाच असणार. मला वाटलं होतं की या घटकेला मला आनंद होईल. पण ते दारात नुसतेच उभे होते आणि त्यांना कुणी बसा म्हणत नव्हतं. रविवार सोडून बाकी सहा दिवस हा माणूस वर एकटा काय करत असेल, हा विचार मला तेव्हा पहिल्यांदा शिवला.

"साहेब," मी म्हणालो, "स्टूल मोकळं आहे." ते मोकळं नव्हतं, त्याच्यावर मी होतो. मी उठलो.

साहेब बसले. बायकोनं शेंगांची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. आठ वर्षांत त्यांच्या हातात प्रथमच कुणी काम दिलं असावं. त्यांनी एक शेंग घेतली, उलटसुलट बघितली आणि मधोमध दोन्ही हातांनी अशी पिळली की ती फुटून वाटाणे सगळीकडे उडाले. टोपलीही कलंडली आणि तिच्यातले सोललेले दाणेही सांडले. फरशीभर हिरवे वाटाणे, फ्रिजखाली, ओट्याखाली. सगळे एकदम गुडघ्यावर बसले आणि डोकं जमिनीला लावून फ्रिजखाली हात घालू लागले. साहेब सगळ्यांत पुढे. मला वाकायची अजून बंदी होती, म्हणून मी एकटा मधे ताठ उभा राहून हातानं दाखवत होतो, तिकडे, तिकडे.

रविवारी माणसं घरी सापडतात म्हणून विजेचं मीटर वाचणारा नेमका रविवारी येतो. दार उघडं दिसलं म्हणून तो सरळ स्वयंपाकघरापर्यंत आला आणि थबकला. बारा माणसं फ्रिजपुढे गुडघे टेकून, कपाळं फरशीला लावून. त्यानं हळूच टोपी काढली.

"नंतर येऊ का?" तो कुजबुजला.

"अहो, तसं काही नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "वाटाणे शोधतायत."

त्यानं समजूतदारपणे मान हलवली. "असू दे हो, प्रत्येकाचं काहीतरी असतं," तो म्हणाला, आणि टोपी काखेत मारून तोही गुडघ्यांवर बसला.